अर्धं मीठ

आमचं हॉटेल आज नावाजलेलं आहे. खाली नऊ टेबलं, वर सहा खोल्या, आणि लोक दोन-दोन महिने आधी जागा धरतात. ताईनं आणि मी घेतलं तेव्हा तो घोड्यांचा तबेला होता. वर्षभर भिंती खरवडल्या तरी पहिल्या पाहुण्यांच्या उशांना घोड्यांचा वास यायचा. ही इथली मोकळी हवा, असं मी त्यांना बिनदिक्कत सांगायचे.

पहिल्या दिवशी भाजलेल्या कांद्याच्या सुपात ताईनं मीठ टाकलं. तिनं टाकलं नसेल असं समजून मीही टाकलं. सगळे वाडगे परत आले आणि आम्ही दोघी पाहुण्यांदेखत भांडलो. मग ठरलं, अर्धं मीठ सकाळी ताईनं टाकायचं, अर्धं वाढायच्या आधी मी. दुसरीच्या वाट्याला हात लावायचा नाही. सव्वीस वर्षं हे पाळलं. एकदा आठ महिने आमचं बोलणं बंद होतं, तरी सूप बिघडलं नाही. त्याच सुपानं आमचं नाव झालं.

थंडीत ताई गेली. तिच्या जागी तिची मुलगी शेगडीपाशी उभी राहिली. मी माझं अर्धं टाकत राहिले आणि सूप बरोबर होत राहिलं. पोरगी आईचा वाटा टाकत असणार, असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारलं असतं तर ताई नाही, हे तोंडानं म्हणावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी एका सकाळी भाची कांदे चिरता चिरता म्हणाली, "मावशी, सुपाचं मीठ कधीतरी मलाही टाकू दे की. सगळं तूच टाकतेस."

"सगळं कुठलं? मी अर्धंच टाकते. आईचं अर्धं तू टाकतेस ना?"

"मी कधीच नाही टाकलं."

तिची सुरी थांबली. आम्ही दोघी फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे बघत राहिलो. झाकण तिरकं होतं. ताई ते कधी नीट लावायचीच नाही, त्यावरून मी तिला किती बोलले असेन. खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

भाचीला नाही झाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं मीठ तिनं टाकलं, वाढायच्या आधी मी माझं. सूप खारट. त्याच्या दुसऱ्या दिवशीही खारट. दोन मोठी पातेली मोरीत ओतून झाल्यावर तिनं हात पुसले.

"मावशी, या स्वयंपाकघरात मला जागा आहे का नाही, तेवढं सांग. नसेल तर मी जाते."

तिनं आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

पुढच्या सकाळी मी तिच्या आधी आले. शेगडी अजून गार होती. बरणीवर हात ठेवून उभी राहिले आणि काही केल्या तोंड उघडेना.

"ताई," शेवटी म्हटलं, "तुझा वाटा आता तुझी लेक टाकेल. तू राहू दे."

दुपारी सूप अगदी बरोबर झालं. भाचीनं चमचा चाटला आणि हसली. मी बरणीकडे पाहिलं. झाकण घट्ट, सरळ बसवलेलं होतं.

मी मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले. ताईनं आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकलं होतं.