चाळीस माशांचा फिल्टर

मी एक निळा डबा आहे. दिसायला पिंप, कामाने फिल्टर. चाळीस सिक्लिड माशांची घाण सहा वर्षं माझ्याच पोटातून जाते आहे, तेव्हा माझं बोलणं कुठे गढूळ वाटलं तर समजून घ्या.

मला एका निवृत्त फिटरने घडवलं. पाणीपुरवठ्यात त्यांची हयात गेली. त्यांची लेक दातांची डॉक्टर. खुर्चीत बसण्याआधीच घामाघूम होणाऱ्या पेशंटांचं मन रमावं म्हणून तिने दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मोठी काचेची टाकी ठेवली. सिक्लिड मोठे भांडखोर. थोडेच ठेवले तर एकाच्या मागे लागून त्याचा जीव घेतात. दाटीत ठेवले की राग सगळ्यांत वाटला जातो. पण दाटी आली की घाणही आली. पहिल्या छोट्या फिल्टरने महिन्याभरात हात टेकले. तेव्हा तिच्या बाबांनी मला भोकं पाडली, नळ्या जोडल्या, मोटर बसवली आणि पोटात स्पंजाचे थर भरले.

त्या स्पंजांवर हळूहळू जिवाणूंची वस्ती झाली. गाळ काय, कोणीही अडवतो. माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष पचवतात ते हे जिवाणू. माझी सगळी किंमत त्यांच्यामुळे.

यंदा दवाखान्याला नवा रंग लागला. टाकीखाली दाराचं कपाट आलं आणि त्यात बसेल असा देखणा फिल्टरही.

“दोन्ही महिनाभर बरोबर चालवायचे,” बाबा म्हणाले. “नवा अजून कोरा आहे.”

“दुकानदारही तेच म्हणत होता. पण कपाटात दोन मावत नाहीत, बाबा. आणि तुमचं हे पिंप पेशंटांसमोर किती दिवस ठेवू?”

बाबांनी मोटर बंद करून नळ्या सोडवल्या. मला टाकीतल्याच पाण्याने भरून घरी घेऊन गेले.

घरी त्यांनी मला धुण्याच्या टबाला जोडलं आणि मोटर सुरू केली. रोज सकाळी टबात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचे. आईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अहो, टबात मासा नाही. खायला घालताय कोणाला?”

“आतल्या कामगारांना.”

“मग त्यांना जरा भांड्यांनाही लावा.”

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास फोन वाजला. लेकीचा आवाज बारीक झाला होता. “बाबा, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत. दोन गेले. अर्धं पाणी बदललं, तरी तसंच. तुमचा डबा... धुऊन टाकलात का?”

“चालू आहे,” बाबा म्हणाले. “आलोच.”

पुढची चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. मोटर बंद, पाणी थांबलेलं. वाहत्या पाण्यातली हवा मिळाली नाही की आतली वस्ती गुदमरायला लागते. टॅक्सी चौकात अडकली. बाबांनी माझं झाकण उघडलं आणि हात घालून पाणी ढवळत राहिले. बाही कोपरापर्यंत भिजली. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. “काका, आत जिवंत काही आहे का?”

“आहे म्हणूनच घाई आहे.”

दवाखान्यात पेशंटांना परत पाठवलं होतं. टाकीत सगळे मासे वरच्या थरात गोळा झालेले, कल्ले भराभर हलत होते. एक मादी एकटीच कोपऱ्यात. हे मासे पिल्लं तोंडात वाढवतात. तिचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे तिला हवेसाठी आ करताही येत नव्हता. टेबलावर पाणी तपासायची नळी. रंग पिवळा हवा, तो गडद हिरवा.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि नव्या कपाटाचं दारच काढून ठेवलं. माझे अर्धे स्पंज नव्या फिल्टरच्या पोटात घातले, अर्धे माझ्यात राहू दिले, आणि आम्हा दोघांना टाकीला जोडलं.

“मी ऐकायला हवं होतं,” ती म्हणाली.

“टॉर्च धर. इथे पाझरतंय.”

एक वाजता नळी हिरवीच. दोन वाजता आणखी एक मासा उलटा झाला. तिने तो काढला आणि हात पुसायचंही विसरली. बाबा जमिनीवर बसून माझ्यावर तळवा ठेवून होते. मी जितकं ओढता येईल तितकं पाणी ओढत होतो. पोटातले किती वाचलेत, मला तरी कुठे ठाऊक होतं?

साडेचारला तिने पुन्हा नळी उजेडात धरली. मग बाबांच्या हातात दिली. हिरव्यात पिवळं उतरायला लागलं होतं. संध्याकाळपर्यंत मासे एकेक करून खाली गेले. सगळे मिळून सहा दगावले. कोपऱ्यातली मादी तशीच होती, तोंड घट्ट मिटून.

आता आम्ही दोघे बरोबरच चालतो. दर पंधरवड्याला डॉक्टरीणबाई बाह्या सरसावून टाकीचंच पाणी बादलीत घेतात आणि माझे स्पंज त्यात हलकेच पिळतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माझी वस्ती मारतं, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. बाबा वेताचा मोडा घेऊन शेजारी बसतात आणि गप्प राहायचा आटोकाट प्रयत्न करतात.

माझ्या बुडाला बारीक चीर गेली आहे. बाबांना अजून दिसलेली नाही. एक दिवस मला टाकून द्यावंच लागेल, त्याचं वाईट नाही. विनंती एवढीच: मला फेका, पण त्याआधी पोटातलं सगळं ओलं असतानाच दुसऱ्याच्या पोटात घाला.