रेघ नसलेली पाटी

शुक्रवारी दुपारी आम्ही त्या शहरात उतरलो आणि स्टँडसमोरच दादा भेटला. म्हणजे त्याचं अक्षर भेटलं. पावाच्या दुकानावर हातभर उंचीची निळी अक्षरं, प्रत्येकाची शेपटी जरा उजवीकडे झुकलेली, आणि खाली एक तांबडी रेघ. वहिनी रस्त्याच्या मधोमध थांबली. सायकलवाला ओरडला तेव्हा मी तिला दंडाला धरून कडेला ओढलं.

"वन्सं, रेघ आहे," ती म्हणाली.

माझा दादा पाट्या रंगवायचा. सहा वर्षं या शहरात एकटा राहिला, आणि खाण्यापिण्याच्या दुकानांच्या पाट्या म्हणजे त्याचा हातखंडा. त्याचा एक नेम होता. अक्षरं पुरी झाली की शिडीवरून उतरायचं, हात धुवायचे, त्याच दुकानात जेवायचं आणि मगच पुन्हा चढून खाली रेघ मारायची. "न चाखता ग्वाही कशी देऊ?" म्हणायचा. आमच्या घरात देवाचं करणारे पुष्कळ झाले, पण इतका कडक नेम कुणाच्याने पाळवला नाही.

मागच्या वर्षी याच जोडून आलेल्या सुट्टीत त्याने वहिनीला बोलावलं होतं. तीन दिवस फिरू, एकेका दुकानात सोबत जेवू. वहिनी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे, रोज दोनशे ताटं वाढते. ऐन वेळी तिला रजा मिळाली नाही. दादा फोनवर कुरकुरला आणि तिचं डोकं फिरलं. "माझी वाट बघू नका. तुम्ही आणि तुमचं शहर, बसा खात!" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो मासळीच्या खानावळीची पाटी रंगवताना शिडीवरून पडला आणि गेला.

तेव्हापासून वहिनीला एकच प्रश्न खातोय. ते जेवून गेले की उपाशी गेले? दोनशे जणांना वाढते आणि स्वतः दोन घासांवर उठते. मी शाळेचे गणवेश शिवते, टेप न लावता मला माप कळतं. वर्षभरात ती कमरेत चार बोटं आत गेली होती. शेवटी मीच म्हटलं, "चल, जाऊन विचारून टाक एकदाचं. आणि तिथं तरी माझ्याबरोबर पोटभर जेव."

"मग सरळ मासळीवाल्याकडेच जाऊ या," पाववाल्याच्या दारात मी म्हटलं.

"आधी बाकीची दुकानं बघू. सकाळी कुठंतरी खाऊनच चढले असतील ना ते?"

तिला तिथं जायची भीती वाटत होती, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. पण पिशवी उचलली आणि तिच्या मागून निघाले.

पहिलं दुकान सूपवालीचं. वहिनीला बघताच ती सूप ढवळायचा डाव घेऊनच बाहेर आली. "तुम्ही त्यांच्या मिसेस! फोटो दाखवलाय त्यांनी."

वाडगी पुढ्यात येताच वहिनीने विचारलं. मागच्या वर्षी, त्या शनिवारी सकाळी, ते इथं जेवले का?

"मागच्या वर्षीचं कुणाच्या लक्षात राहतंय? परवा मात्र आले होते."

माझा चमचा वाडग्यात पडला. "कोण आले होते?"

"पाटीवाले. उंच, कानावर ब्रश, पँटीला रंग. त्या कोपऱ्यात बसतात. पण बाई, हल्ली काही घेत नाहीत हो. वाडगं पुढं ठेवलं तर नुसतं बघत राहतात. म्हणतात, ती आली की."

बाहेर आल्यावर मी वहिनीला समजावलं, "वय झालंय तिचं. माणसांची गल्लत होते."

"ती तुमच्याच वयाची आहे, वन्सं."

शनिवारी आम्ही पाय तुटेस्तोवर फिरलो. नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा, जुन्या कपड्यांचा बाजार. खाल्लं तेही काही कमी नाही: लोण्यातली अंडी, भाजलेली कोंबडी, साखर भुरभुरलेला गरम पाव. म्हणजे मी खाल्लं. वहिनी प्रत्येक दारात आधी वर बघायची, रेघ मोजल्यासारखं बोट फिरवायची आणि आत जाऊन तोच प्रश्न विचारायची. त्या सकाळचं कुणालाच आठवत नव्हतं. कॉफीच्या दुकानात खिडकीजवळची एक खुर्ची ओढलेली होती. वहिनीने बसायच्या जागेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"हात लावून बघा, ऊब आहे," ती म्हणाली.

मी लावला नाही. देवाचं नाव घेतलं आणि कॉफी संपवली.

चार वाजता बियरच्या दुकानात शिरलो. मी वर्षातून दोनदा बियर घेते आणि दोन्ही वेळा देवाकडे माफी आधी मागून ठेवते, म्हणजे मागाहून घोळ नको. ग्लास पुसणारा टकल्या गडी सारखा दाराकडे बघत होता.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"पाटीवाल्याची. रोज चारला येतो. आज उशीर झाला त्याला."

आता मात्र माझा पारा चढला. "अहो, तो माझा सख्खा भाऊ. वर्ष झालं त्याला जाऊन!"

त्याने ग्लास उजेडात धरला, फुंकर मारली, पुन्हा पुसला. "असं होय," तो शांतपणे म्हणाला. "मग त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं."

वहिनीने माझा ग्लास ओढून घेतला आणि अर्धा एका दमात प्यायली. तिने कधी बियरला तोंड लावलेलं मी बघितलं नव्हतं.

"वन्सं, उद्या मासळीवाल्याकडे."

रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही तिथं पोचलो. हिरवी अक्षरं, सगळ्या शहरात सगळ्यात देखणी. खाली रेघ नव्हती.

खानावळवाला आम्हाला बघून गल्ल्यामागून उठला. "मीच उचललं त्याला," त्याने आपण होऊन सांगितलं.

"ते जेवले होते का?" वहिनीने विचारलं.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता. अकराला अक्षरं झाली, मी ताट वाढलं. म्हणाला, झाकून ठेवा, बायको येणार आहे. मी म्हटलं, ती तर रागावलीय म्हणालास? तर हसला. म्हणाला, रागावलीय म्हणजे नक्की येणार. दीड वाजला, तरी हा ताटाला हात लावेना. मग शिडी चढला. मी ओरडलो, आता काय राहिलं वर? म्हणाला, वरून स्टँडचा रस्ता दिसतो."

कीर्तनात आख्यान ऐन रंगात आलं की टाळ आपोआप थांबतात, तसे त्या खोलीतले काटेचमचे थांबले. मी वहिनीला सावरायला हात पुढे केला. ती रडली नाही.

"इथं येतात ते?"

"आत नाही येत. बाकी सगळीकडे जातो म्हणतात. इथं पाटीखाली उभा असतो. मला दिसत नाही, पण गिऱ्हाइकांचे पाय बघा."

आम्ही काचेतून बघितलं. दोन मुली बोलत बोलत येत होत्या. फुटपाथ रिकामा होता. दारापाशी दोघी एकदम बाजूला झाल्या, कशाला तरी वळसा घालून आत शिरल्या, आणि त्यांच्या गप्पा तशाच चालू राहिल्या.

वहिनीने तळलेली मासळी, बटाटे आणि पाव मागवला. इस्पितळात अंथरुणावरच्या माणसासाठी काढते तसा एकेक काटा बोटांनी काढला. मग ताट उचललं आणि बाहेर गेली.

मी काचेआडून बघत होते. ती पाटीखाली थांबली, घास केला आणि हात वर नेला. दादाचे सदरे मी शिवलेत, त्याची उंची मला पाठ आहे. तिचा हात नेमका तिथं थांबला, त्याच्या ओठांशी. खाली आला तेव्हा बोटं रिकामी होती. फुटपाथवर कण पडला नव्हता. पुढचा घास तिने स्वतः खाल्ला. मग पुन्हा हात वर.

तिचे ओठ हलत होते. रागवत होती बहुतेक.

तो माझाही भाऊ. उठून पळत जावं, एकदा तरी हाक मारावी, असं आतून उमाळून आलं. अर्धी उठलेसुद्धा. पण वर्षभराने नवरा-बायको जेवायला बसलेत, त्यात नणदेचं काय काम? मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. खानावळवाल्याने काचेवरचा पडदा ओढला.