मौनाचा ठराव

मी सुंदरराव. परळीच्या अलीकडं एका बारक्या ठेसनात मास्तर होतो. माझा गेटमन कारभारी. त्याचं गेट ठेसनापासून दीड मैलावर, बोरटाकळीच्या रस्त्यावर. गाडी सोडायच्या आधी मी फोन करायचो, त्यानं गेट लावायचं आन् त्याच्या कागदावरचा दोन आकडी नंबर मला सांगायचा. नंबर आला म्हणजे गेट लागलं. मगच मी सिग्नल द्यायचा.

पण नुसता नंबर सांगंल तो कारभारी कसला. नंबराच्या आधी म्हशीचं दूध, नंतर जावयाचा स्वभाव. माझं डोकं उठायचं. "नंबर सांग आन् ठेव बाबा," हे मी रोज म्हणायचो.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात गावच्या सोसायटीची सभा भरली. चेअरमन आप्पा. ह्या माणसाला ठराव केल्याबिगर शिंकसुद्धा यायची न्हाई. पावसासाठी नारायणगडाला मौनाचा नवस बोलायचं ठरलं. मौन कुणी धरायचं? ज्याला सगळ्यात जड जाईल त्यानं. सगळ्या सभेनं माना वळवून कारभारीकडं बघितलं. सूचक आप्पा, अनुमोदक अर्जुनराव, ठराव सर्वानुमते मंजूर. पाऊस पडेस्तोवर कारभारीनं तोंड उघडायचं न्हाई. त्याच्या गळ्यात हार पडला. आपल्यामुळं गावाला पाणी मिळणार म्हणून गडी लई खूष झाला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको छबुबाई ठेसनात आली.

"मास्तर, ते आता फोनवर पेन्सिलीनं टकटक करतील. आधी पहिला आकडा, मग थांबून दुसरा. शून्य आला तर खोकतील."

"आन् खोकलं तर मौन मोडत न्हाई का?"

"आप्पाला इचारलंय. चालतंय म्हणले."

नियमानं मी त्याच दिवशी त्याला कामावरून उठवायला पायजे होतं. उठवलं न्हाई. एक तर माझ्या घरचे हंडे आप्पाच्याच टँकरनं भरायचे. दुसरं म्हणजे, खरं सांगतो, मला ती शांतता आवडली. चाळीस दिवस मी टकटक मोजून नंबर लिहिले. एकदा त्याला सर्दी झाली, तेव्हा मात्र लई गोंधळ उडाला.

एकेचाळिसाव्या दिवशी, सकाळी नऊची पॅसेंजर माझ्याकडं उभी होती. मी फोन फिरवला, "कारभारी, गाडी सोडायची हाय. गेट लाव, नंबर दे."

जरा वेळानं टकटक सुरू झाली. पाच, सात, नऊ, बारा. थांबेचना. एका आकड्याला बारा ठोके कसे येतील?

"कारभारी, नीट मोज. पयल्यापासून दे."

परत तेच, आणखी जोरात, मधूनमधून खोकला. तिकडं डायव्हर शिट्टी मारतोय, दुसऱ्या फोनवर कंट्रोलवाला गाडी का थांबवली म्हणून तासतोय. मला वाटलं, ह्याची मोजदाद चुकली. गेट तर रोज लागतंच. एक नंबर आपणच लिहून टाकावा आन् मोकळं व्हावं. माझा हात सिग्नलच्या लिव्हरवर गेला. आजही तो हात आठवला की मला माझीच लाज वाटते. "नसंल जमत तर ऱ्हाऊ दे," मी म्हणलो, "देतो सिग्नल."

"मास्तर, सिग्नल देऊ नका."

बसका, घोगरा आवाज. मला आधी वळखूच आला न्हाई.

"मी कारभारी, गेटवरून. रुळावर पाण्याचा टँकर बंद पडलाय. मागं बाया चढल्यात. गेट लागलेलं न्हाई. गाडी सोडू नका. आता मी काय म्हणलो ते परत म्हणून दाखवा."

मी लिव्हर सोडला आन् शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. टकटक आम्ही ठरवली ती निस्ती नंबराची. 'न्हाई' कसं सांगायचं हे दोघांनाबी सुचलं नव्हतं.

टँकर ढकलायला पाऊण तास लागला. गाडी सुटली. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली, मी बी गेलो. कारभारी कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला. आप्पा टँकरच्या केबिनमध्येच होते, तरी ताठ उभे.

"नवस मोडला. आता पाऊस न्हाई आला तर त्याला कोण जिम्मेदार?"

"आन् कारभारी लाल झेंडी दाखवत असताना टँकर रुळावर कुणी घातला?" मी इचारलं.

"झेंडी काय, तो रोजच हलवतो. मला कुणी थांब म्हणलंच न्हाई."

सभेत कुणी हसलं न्हाई. टँकरवर भिवराबाई होती, वच्छलाबाई होती, त्यांची लेकरं होती. छबुबाई उठली.

"माझा ठराव हाय. मौन पुढं चालू ठेवायचं. पण सगळ्यात जड जाईल त्यानं धरायचं."

ह्या टायमाला सगळ्या माना आप्पाकडं वळल्या. टँकरवरच्या सगळ्या बायांनी अनुमोदन दिलं. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं.

"तासाला एकदा खोकायची सूट हाय," छबुबाई म्हणली, "बोलायची न्हाई."

सकाळी मी गेटला फोन लावला. कारभारीनं म्हैस सांगितली, जावई सांगितला, एकेचाळीस दिवसांचं साचलेलं सगळं सांगितलं. मी एकदाबी अडवलं न्हाई.

"गेट लागलंय. नंबर बत्तीस," शेवटी तो म्हणला.

"बत्तीस," मी म्हणलो. "आन् जावयाचं काय झालं म्हणलास?"