जुन्या गोळीचा आकडा

शालूच्या घरात उपाशी राहायची कुणाची टाप नव्हती. देवाचा उपवाससुद्धा ती साबुदाण्याने पोट फुटेस्तोवर साजरा करायची. मग नवऱ्याला, नाथाला, रिकाम्या पोटी रक्त द्यायला ती कशी बसवणार?

नाथाच्या हृदयाची झडप अरुंद आणि ठोके वेडेवाकडे. गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून तो रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचा. आता डॉक्टर ती बदलून नवी देत होते. नवी अंगी लागेपर्यंत दोन्ही चालू ठेवायच्या, आणि लागली की नाही ते रक्त तपासून बघायचं.

त्या सकाळी गोडदेव गावातल्या त्यांच्या खोलीत शालूने भाकरी, अंडं आणि जुनी गोळी पुढे ठेवली.

"अगं, डॉक्टर बोललेत ना, गोळीच्या आधी रक्त द्या."

"ते संध्याकाळच्या नव्या गोळीचं हो! तपासणी तिची, मग हिला कसली बंदी? ही जेवणावरच घ्यायची असते. गिळा गपचूप."

नाथाने गिळली. बायकोपुढे शहाणपण चालवणारा नवरा गोडदेवात अजून जन्माला यायचाय. थोड्या वेळाने लॅबची दिव्या येऊन रक्त घेऊन गेली.

रिपोर्ट झकास आला. डॉक्टरांनी फोनवरच जुनी गोळी बंद करायला सांगितली. शालूने शिरा केला आणि शेजारच्या हंसाबेनलाही वाटीभर दिला.

आठवडा संपायच्या आत नाथा चहा पिता पिता कलंडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

हॉस्पिटलात पुन्हा रक्त तपासलं. नव्या गोळीचा असर जेमतेमच होता.

"त्या दिवशी जुनी गोळी घेऊन रक्त दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

शालूने होकारार्थी मान हलवली.

"ताई, ती रक्तात असली की तपासणीचा आकडा फुगतो. वाटतं, नवीच काम करतेय. मीही फोनवर विचारायला हवं होतं. आपण जुनी थांबवली आणि त्यांना कसलाच आधार उरला नाही."

"बोलतील ना परत?"

"आशा फार कमी आहे."

शालू खाटेशी जाऊन बसली. कुणीतरी थोबाडीत मारावी असं तिला मनापासून वाटत होतं.

"अहो, मीच केलं हे. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. कळतंय ना?"

नाथाने डाव्या हाताने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. तो माफ करतोय, की काहीच न कळून नुसता धरून राहिलाय, हे शालूला आता जन्मभर कळणार नव्हतं.