तोतारामनानाचा कान

"आधी तो भोंगा बंद करा, मग मी ऐकतो," असं म्हणून तोताराम पेचकस हातात धरून तसाच उभा राहिला.

भोंगा बंद झाला. "जुनी द्या, नवी न्या" असं सकाळपासून कोकलणारा माणूस चहाकडे गेला. धुळ्याला आग्रा रोडवर बन्सीलालशेठच्या शोरूमपुढं मंडप पडला होता. दसरा आठ दिवसांवर आला होता. मंडपात एका अंगाला नव्याकोऱ्या गाड्या, बोनेटवर झेंडूच्या माळा घातलेल्या. दुसऱ्या अंगाला लोकांनी घरून आणलेल्या जुन्या गाड्या, कुणाचा पत्रा सडलेला, कुणाचं दार दोरीनं बांधलेलं. आणि मधे शोरूमचा हेडमेकॅनिक तोताराम. वय अठ्ठावन्न, मूळ गाव सोनगीर, अंगात खाकी डगला.

त्याचा पेचकस हातभर लांब, लाकडी मुठीचा. चालू इंजिनवर तो टोक टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग इंजिनच्या पोटात काय चाललंय ते त्याला ऐकू यायचं. ऐकून झालं की एकच शब्द बोलायचा. "शे." म्हणजे जीव आहे, चालवा अजून. नाहीतर "नही." तीस वर्षांत "नही" त्यानं पाच-सहा गाड्यांनाच म्हटलं असेल. पिंपळनेरपासून नरडाण्यापर्यंतचे टॅक्सीवाले त्या एका शब्दावर गाडी ठेवत नाहीतर मोडीत काढत. का, कसं, हे कुणी विचारत नसे आणि विचारलं तरी तो सांगत नसे. सांगण्यासारखं काही नव्हतंच. कान होता.

समोर उभी होती सुपडूची अँबॅसॅडर. सुपडू हा धुळे-पिंपळनेर रस्त्यावरचा जुना टॅक्सीवाला. त्याचे वडील साक्रीला सडकेवर खडी फोडत. घरात स्वतःचं वाहन घेणारा हा पहिला माणूस. गाडी अडुसष्टची. त्र्याऐंशी साली तिच्यात डिझेल इंजिन बसवलं ते तोतारामनंच, चार दिवस खपून. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवलेला. बाजाराच्या दिवशी या गाडीत नऊ माणसं, शेंगांची पोती आणि वर दोन कोंबड्या बसत. अडलेली बाई असली की माणसं उतरवून, तिला एकटीला घेऊन सुपडू धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात यायचा. अशी तीन पोरं त्या गाडीतच जन्मली होती.

"नाना, जीव शे का तिनामा?" सुपडूनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक असल्यासारखा तो हसत होता. मेळा होता म्हणून आला होता, गाडी द्यायला नाही.

तोतारामनं पेचकस टेकवला आणि डोळे मिटले. मागं बन्सीलालशेठ उभे होते.

नव्या गाड्या वाईट होत्या असं नाही. खरं दुखणं तेच होतं. डिसेंबरच्या थंडीत त्या एका किल्लीत चालू व्हायच्या, इंधन निम्मं प्यायच्या, ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबायच्या. तोताराम हे खुल्या दिलानं मान्य करायचा. पण त्यांच्या इंजिनवर पेचकस टेकवला तर नुसती गुणगुण ऐकू यायची, एखाद्या ऑफिसातल्या पंख्यासारखी. जुनी गाडी बिघडायच्या आधी सहा महिने कुरकुर करते, माणसाला सावध करते. नवी काही बोलत नाही, एकदम थांबते. मग तिला कंपनीचा माणूस लागतो, तोताराम लागत नाही.

आणि त्या साली, म्हणजे सत्त्याण्णवला, नव्या गाड्यांना गिऱ्हाईकही लागत नव्हतं. ज्यांना घ्यायच्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच घेतल्या होत्या. जळगावकडच्या केळीवाल्यांचा हात आखडला, बँकांनी तोंड फिरवलं, आणि बाजार जो बसला तो उठेचना. शेठनी हौसेनं अठरा गाड्या मागवून ठेवल्या होत्या. होळीपासून त्या मागच्या आवारात धूळ खात उभ्या. बॅटऱ्या मरू नयेत म्हणून दर सोमवारी तोताराम एकेक गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवायचा. दोन गाड्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. एक मैलही न चालता म्हाताऱ्या होणाऱ्या गाड्या त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

मेळ्याच्या सकाळी शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"नाना, आज कोणालाही 'शे' म्हणायचं नाही."

"शेठ, गाडी धड असली तर?"

"धड गाडी मी फुकट थोडीच मागतोय? बदल्यात नवी देतोय. यात चोरी कुठं आली? लोक माझ्या भोंग्यावर विश्वास ठेवत नाहीत, तुमच्या पेचकसावर ठेवतात. या गाड्या गेल्या नाहीत ना, तर वर्कशॉपला कुलूप. तुम्ही आणि तुमचे सहा मेकॅनिक, सगळे घरी. मग बसा कौतिकला समजावत."

कौतिक म्हणजे वर्कशॉपमधला वेल्डर. त्याची एक मुलगी लग्नाची होती आणि एक नवऱ्याघरून परत आलेली. तोतारामनं मनाशी सोय लावली. जे बडे आहेत त्यांना "नही" म्हणू. त्यांचं काय बिघडतंय? सकाळपासून त्यानं एका डॉक्टरला, एका ठेकेदाराला आणि एका माजी सभापतीला "नही" म्हटलंही होतं. तिघंही आनंदानं नवी गाडी बघायला पळाले. त्यांना "नही"च हवं होतं. सुपडू येईल हे काही तोतारामच्या हिशेबात नव्हतं.

कानात इंजिन वाजत होतं. बेअरिंग ठणठणीत. चारही सिलेंडर एका लयीत. दहा वर्षं, निदान सात तरी. "शे" अगदी जिभेवर आला.

शेठ मागं खाकरले.

"नही," तोताराम म्हणाला.

सुपडूचं हसू लगेच गेलं नाही, थोडं रेंगाळलं. "नही?"

"नही."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतो म्हणाला असता तर तोतारामनं मनातल्या मनात नारळ फोडला असता. पण सुपडूनं बोनेटवर हात ठेवला आणि स्वतःलाच दोष दिला. "रोज चालाडस मी. माले कसं समजनं नही?"

मग त्यानं दार उघडून नखानं हळूहळू डॅशबोर्डवरचा फोटो सोडवला आणि खिशात ठेवला. फोटोच्या जागी चौकोनी, कोरा डाग राहिला. बाकी सगळा डॅशबोर्ड उन्हानं करपलेला, तेवढाच तुकडा नव्यासारखा. तोतारामनं तो पाहिला आणि पेचकस पुसायला घेतला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

पुढं पंधरा दिवसांनी नरडाण्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं शेठकडं जुनी दणकट गाडी मागितली. तीच अँबॅसॅडर धुऊन पुढं आणली गेली. जिनिंगवाला म्हणाला, "नाना सांगतील तर घेतो." तोतारामनं पुन्हा पेचकस टेकवला, पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाला, "शे." त्याच गाडीला, त्याच तोंडानं. त्या दिवशी त्याला डबा गेला नाही.

एवढं करून अठरातल्या पाचच गाड्या गेल्या. गुढीपाडव्याच्या आत शेठनी वर्कशॉपला कुलूप घातलंच. कौतिक सुरतेला गेला, बाकीचे कुठं कुठं पांगले. ज्यांच्यासाठी म्हणून जीभ विटाळली, ते तसेच बुडाले.

तोताराम सोनगीरला परतला. फाट्यावर चिंधाची चहाची टपरी होती, तिच्या शेजारी लिंबाखाली त्यानं पेचकस आणि पान्ह्यांची पेटी मांडली. गंमत बघा, तिथं त्याचं बरं चाललं. नव्या गाड्या कुणी घेत नव्हतं, म्हणजे जुन्याच रेटायच्या. रोज चार-दोन गाड्या थांबत. बोनेट उघडत, तो डोळे मिटत असे, "शे" म्हणत असे. खरं तेच म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याला वाटलं, निभावलं.

उन्हाळ्यात एका दुपारी एक जीप थांबली आणि तिच्यातून सुपडू उतरला. जीप त्याची नव्हती. पिंपळनेरच्या एका सावकाराकडं तो ड्रायव्हर म्हणून लागला होता. मेळ्यात घेतलेली नवी गाडी चार माणसांची. तिच्यात पोती बसेनात, बाजारकरी दुसऱ्या टॅक्सीत जाऊ लागले. त्यानं ईर्षेनं आठ माणसं कोंबली, तर दहिवेलकडच्या खड्ड्यांनी चार महिन्यांत तिची कंबर मोडली. शेवटी विकली. हे सगळं तो तक्रार न करता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होता.

"नाना, नरडाणाले मनी जुनी गाडी देखी," तो म्हणाला. "बोनेट उघडीसन देखं. तेच इंजन शे. मस्त चालस."

तोताराम पान्ह्यांची पेटी आवरू लागला.

"तठला ड्रायव्हर काय सांगस माहीत शे का? सांगस, तोतारामनानानीच तपासी दिधी, 'शे' सांगं म्हनीसन मालकनी लिधी. मी त्याले चांगल्या शिव्या दिध्यात. म्हटलं, नाना असं करावच नही. आम्ही बठ्ठा टॅक्सीवाला त्यासना शब्दवर गाड्या चालाडतस." तो थांबला. मग खाली बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "नाना, खरं सांगा. तुमना कान गया का? त्या दिवसे तुमले बराबर ऐकू उनं नही. असंच ना?"

चिंधा हातातला पेला धुवायचा थांबला होता. तोतारामच्या ध्यानात आलं की हा माणूस जाब विचारायला आलेला नाही. गाडी गेली, टॅक्सी गेली, दुसऱ्याची जीप हाकायची पाळी आली, आणि हा आलाय तो नानाचा शब्द वाचवायला. पळवाट स्वतः बांधून घेऊन आलाय. "नाही" म्हटलं तर खोटारडा, "हो" म्हटलं तर निकामी. खरं बोलायची छाती तोतारामला त्या दिवशीही झाली नाही. आयुष्यभर त्यानं स्वतःला धीट समजलं होतं, त्याची त्याला फार शरम वाटली.

"हां भाऊ," तो म्हणाला. "कान गया."

सुपडूच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते तोतारामला बघवेना. "मी सांगत नव्हतू!" सुपडू चिंधाकडं वळून म्हणाला. मग तोतारामच्या कानाशी तोंड नेऊन, लहान पोराला समजवावं तसा ओरडला, "डॉक्टरले दखाडा, नाना! डॉक्टरले!"

आठवड्याभरात पिंपळनेरपासून नरडाण्यापर्यंत रस्ताभर झालं. नानाचा कान गेला. मनाचा खोटा नव्हता हो, कान गेला बिचाऱ्याचा. सुपडूनं ते मोठ्या मायेनं गावोगाव सांगितलं. लिंबाखाली गाड्या थांबायच्या बंद झाल्या. थांबल्याच तर ड्रायव्हर उतरून "राम राम, नाना!" असं ओरडत, चहा पीत आणि बोनेट न उघडता पुढं जात. तोताराम पहिल्या हाकेला वळत नसे. वळायचं नाही हे त्याला शिकावं लागलं. घरी बायकोनं, रुक्माबाईनं, एकदाच विचारलं, "घरमा तरी कान उघडा ठेवशात का?" त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पेचकस माळ्यावर गेला होता.

श्रावण लागता लागता एका दुपारी तो टपरीवर बाकड्यावर बसला होता. नरडाण्याच्या बाजूनं एक गाडी येत होती. वळणाआड होती तेव्हाच त्यानं ओळखली. पण लयीत खोट होती. टिक, टिक, टिक. दुसऱ्या सिलेंडरची टॅपेट सैल झालेली. पंधरा मिनिटांचं काम, एक पान्हा आणि एक पेचकस.

अँबॅसॅडर टपरीपुढं येऊन थांबली. डॅशबोर्डवर तो चौकोनी डाग अजून होता, आता जरा पिवळा पडलेला. ड्रायव्हरनं बोनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि चिंधाला म्हणाला, "दोन महिनापाईन वाजस. कोनलेच समजत नही. मालक सांगस इंजन गयं. मोडमा काढाले धुळाले भंगारवालाकडे नेस आते, त्यानी बोलाडेल शे."

"नाना आठेच बठेल शेत ना," चिंधा म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणून, "पन त्यासले विचारीसन काय उपेग? बिचाराले ऐकू येस नही."

ड्रायव्हरनं तरी एकदा आशेनं तोतारामकडं पाहिलं. जवळ आला. बोटानं इंजिन दाखवलं आणि जेवढा घसा होता तेवढा ताणून ओरडला,

"नाना! जीव शे का तिनामा?"

टिक, टिक, टिक, इंजिन चालू होतं. बाकी तीन सिलेंडर ठणठणीत होते. तोतारामनं चहाचा पेला बाकड्यावर ठेवला, हाताचा पंजा कानामागं धरला आणि विचारलं,

"काय?"