हाड अजून कडक आहे

“पप्पा, माझं हाड मले दाखवता का?”

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा, पायल आणि अनुश्रीचा होता. शाळेसमोर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाताना सगळ्यात तिखट कोण खातं अशी पैज लागली आणि मी हरले. हरणारीनं घरी हा प्रश्न विचारायचा होता, तोही जेवताना आणि न हसता. हँडबॉलच्या जिल्हा स्पर्धेत मी शेवटची पेनल्टी अडवली त्या दिवसापासून मला जगात कुणाचीच भीती वाटत नव्हती, मग पप्पांची काय वाटणार?

पप्पांचा घास हातातच थांबला. मम्मीनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. वाटी आधीच माझ्याजवळ होती.

“दाखवण्यासारखं काय आहे त्याच्यात,” पप्पा म्हणाले. “कडक आहे अजून. ॲसिडमध्येच आहे.”

माझे पप्पा, देवीदास, तेलीबांध्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे त्यांच्याकडे येतात. ते मेणात बसवायचे, केसाहून पातळ कापायचे, रंग देऊन काचेवर लावायचे, मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात. पण हाड असं कापलं जात नाही, पात्याचीच वाट लागते. म्हणून आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. ॲसिडमध्ये ठेवलं की हाड हळूहळू नरम होतं, रबरासारखं वाकतं. हे मला पाचवीपासून पाठ आहे. वर्गातल्या मुली शी-शी करायच्या आणि मी आणखी रंगवून सांगायचे. कुणाचे पप्पा बँकेत, कुणाचे रेल्वेत. हाडं नरम करणारे पप्पा फक्त माझे होते.

दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याखाली दुखायला लागलं. एक्स-रेमध्ये हाडात एक डाग दिसला. मोठ्या डॉक्टरांनी जाड सुईनं तिथला तुकडा काढला आणि तो पप्पांच्याच लॅबमध्ये गेला. रिपोर्ट येईपर्यंत खेळ बंद, असं डॉक्टर म्हणाले. आणि सव्वीस जानेवारीनंतरच्या रविवारी बिलासपूरला हँडबॉलच्या हॉस्टेलची ट्रायल होती. निवड झाली की तिथंच राहून शिकायचं आणि खेळायचं. आमचे कोच भार्गव सर सांगत होते की आपल्या शाळेतून कुणी गेलं तर तूच जाशील, दीक्षा.

मी रोज विचारायचे. पप्पा रोज तेच सांगायचे, हाडाले घाई चालत नाही बेटा. ट्रायल आली आणि गेली. पायल बसमध्ये बसली, तिला टाटा करायला मी गेटपर्यंत गेले. ती निवडली गेली, जुलैत जाणार आहे. मी फार रडले नाही. हाडच कडक, त्याला कोण काय करणार? पायल म्हणायची, तुझं हाड आहे का सिलतऱ्याच्या कारखान्यातलं लोखंड? मीही हसायचे.

तर, पैजेत ‘दाखवा’ असं होतं आणि पप्पांनी दाखवलं नव्हतं. म्हणजे काम अर्धं राहिलं. शनिवारी शाळा लवकर सुटली तेव्हा मी सरळ लॅब गाठली.

पप्पा हॉस्पिटलमधून सॅम्पल आणायला गेले होते. पद्मजा दीदी एकटीच काम करत होती. ती पप्पांची कामातली जोडीदार, भंडाऱ्याची, बोलण्यात एक्सप्रेस गाडी. फॉर्मॅलिननं माझे डोळे चुरचुरायला लागले तशी ती म्हणाली की इथं सगळेच रडतात, पगार झाल्यावर बी. तिच्यासमोर काचेच्या बरणीत एक गोळा बुडवून ठेवला होता, कुणाच्या तरी खुब्याचा. तिनं बरणीतलं थोडं ॲसिड नळीत घेतलं आणि त्यात दुसऱ्या बाटल्यांतले थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं.

“पाहिलं? कॅल्शियम निघून राहिलं अजून. साफ पाण्यासारखं राहिलं म्हणजे समजायचं, हाड तयार.”

मी म्हटलं, माझं पण असंच दुधाळ होत असेल, सुईनं काढलेलं. दीदी म्हणाली की सुईचा तुकडा तर काडीएवढा असतो. आज टाकला तर उद्या-परवा नरम.

“जास्त वेळ राहिला तं सत्यानाश,” ती म्हणाली. “मग रंगच धरत नाही नीट. डॉक्टरले दिसन काय, डोंबल?”

काडीएवढा तुकडा आणि इतके दिवस ॲसिडमध्ये! म्हणजे पप्पा विसरले. माझा तुकडा खराब झाला आणि लाजेनं त्यांना सांगता येत नाहीये. खरं सांगते, त्या मिनिटाला मला पप्पांचा राग नाही, दया आली. मी त्यांना तिथल्या तिथं माफ करून टाकलं. परत सुई टोचून घ्यायची पण तयारी केली मनातल्या मनात. आणि दीदीला कळू नये म्हणून अगदी सहज विचारलं, दीदी, कुणाकडून असं खराब झालं तर नोकरी जाते का?

“कोणाचं खराब झालं?”

“समज माझं.”

दीदी हसायला लागली. “तुझं काहून खराब होईन? देवीदास भैयांनी तं कोणाले हातच लावू देला नाही त्याले. अन् रिपोर्ट साफ आला तं पेढे वाटले न सगळ्यायले. गोल बाजारातून आणले होते. संक्रांतीचा तिळगूळ होता टेबलवर, तो तसाच राहिला, सगळे पेढ्यावर पडले. तुले नाही देले का?”

संक्रांत. ट्रायलच्या आधी.

“देले न,” मी म्हटलं.

का म्हटलं माहीत नाही. तोवर पप्पा दारात आले होते, हातात सॅम्पलचा डबा. त्यांनी दीदीचा हसरा चेहरा पाहिला, मग माझा पाहिला, आणि डबा ठेवायला त्यांना जागाच सापडेना.

स्कूटरवर मी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही, मागचा दांडा धरून बसले. लोक वाईट बातमी लपवतात, ते मला समजतं. माझ्याकडून चांगली बातमी लपवली होती. मी निरोगी आहे हे लॅबच्या झाडूवालीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. तोंड गोड केलं त्यांनी माझ्या हाडाच्या नावानं.

घरी मम्मी मेथी निवडत होती. आम्हाला दोघांना सोबत पाहूनच तिला कळलं.

मी एकच विचारलं. डॉक्टर काय बोलले होते?

पप्पा चपला न काढता उभे होते. “डाग साधा आहे. वयासोबत भरून येते.” मग म्हणाले, “खेळू द्या म्हणाले. फक्त एप्रिलमध्ये एकदा पाय दाखवायले आणा म्हणाले.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू. आधी रिपोर्ट खरंच आला नव्हता. मग आला, तेव्हा ते पेढ्यांचा दुसरा डबा घेऊन घरीच निघाले होते. वाटेतून मम्मीला फोन केला आणि मम्मी म्हणाली, ट्रायल होऊन जाऊ द्या, मग सांगू. मग ट्रायल झाली आणि सांगायचं कसं तेच सुचेना.

“माझ्यावर घे,” मम्मी म्हणाली. “मीच म्हटलं होतं. तुझा भाऊ प्रशिक पुण्याले गेला तं सणावारी येते पाहुण्यासारखा. तू बी गेली असती तं या घरात मी कोणासंग बोलू?”

हे तिनं इतकं खरं सांगितलं की एरवी मी जाऊन तिच्या गळ्यात पडले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे दिवस यायला लागले. आंघोळ करताना नडगी दाबून बघायचे. मोबाइलवर हाडाच्या गाठीबद्दल वाचायचे आणि लगेच पुसून टाकायचे. पायल नव्या बुटांबद्दल बोलायची तेव्हा मी विचार करायचे, माझा पाय राहील का?

“मले वाटत होतं मी मरते का काय,” मी म्हटलं. “रोज वाटत होतं. ते बी चालत होतं तुम्हाले?”

मम्मीच्या हातातली मेथी खाली पडली.

“तू तं हसत राहत होती,” पप्पा म्हणाले.

“तुमच्यासाठी हसत होती.”

पप्पा खुर्चीवर बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वेळेवर देणारा माणूस, पण माझ्याकडे त्यांना बघता येत नव्हतं. मग म्हणाले की भार्गव सरांशी बोलतो, हातपाय जोडतो, काही होते का पाहतो.

मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि स्वतःच सरांना विचारलं. यादी बंद झाली होती. सर म्हणाले की पुढच्या वर्षी पण तुझं वय बसतं. मी टाकीमागे जाऊन रडले, तोंडावर ओढणी दाबून. मग तोंड धुतलं, खाली आले. दोघं तसेच बसले होते, दिवा पण लावला नव्हता. मी दिवा लावला आणि उभ्यानंच सांगितलं.

“पुढच्या वर्षीची ट्रायल मी देणार आहे. मम्मी, तुले एकटं वाटन, मले मालूम आहे, तरी देणार आहे. सोमवारपासून मैदानावर जाते. अन् एप्रिलमध्ये डॉक्टरनं पाय दाखवायले बोलावलं आहे न, तं आत मी एकटी जाईन. तुम्ही दोघं बाहेर बसा. काय म्हणाले ते मी ऐकीन, अन् बाहेर येऊन तुम्हाले सांगीन. चांगलं असन तं चांगलं, वाईट असन तं वाईट. त्याच मिनिटाले सांगीन.”