भिंतीकडे तोंड

माझ्या नवऱ्याला काय झालंय हे गावातल्या पुरुषांना माझ्या आधी कळलं. त्याच्या शेजारी झोपत होते मी, आणि बातमी पोचली स्टेशनसमोरच्या खानावळीत. तिथल्या वेटरनेसुद्धा आपलं मत दिलं म्हणे. मला मात्र उन्हाळा संपल्यापासून एवढंच दिसत होतं की तिहोमिर भिंतीकडे तोंड करून झोपतो आणि घोरत नाही. लग्न झाल्यापासून ज्याच्या घोरण्याने माझी झोप उडवली, तो माणूस गप्प पडून राहिला तर तो जागाच आहे, हे मला कोणी सांगायला नको होतं.

विचारलं तर म्हणाला, "कंबर धरलीये. वारा लागला."

आमच्याकडे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की त्या वाऱ्याने माणसाला काहीही होऊ शकतं. दात दुखतात, मान धरते, पोरं परीक्षेत नापास होतात. सगळं त्या वाऱ्यावर ढकललं की डॉक्टरकडे जायला नको. तिहोमिरने कंबरेला लोकरीचा पट्टा बांधला, घराच्या सिमेंटच्या पायरीवर बसायचं सोडलं आणि मला बजावलं, "खिडकी उघडायची नाही."

मी शहरात जाऊन लेसचा गाऊन आणला. केस रंगवले. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सर्दी होईल तुला." आणि वळला भिंतीकडे.

मग मी सरळच विचारलं, "दुसरी कोणी आहे का?"

"डोकं फिरलंय तुझं, रुझा," म्हणाला आणि दुकानाकडे निघून गेला. त्याचं टायरचं दुकान आहे, पंक्चर काढायचं. मी थोड्या वेळाने मागोमाग गेले. म्हटलं, काय ते एकदा डोळ्यांनी बघूनच घेऊ. दुसरी बाई नव्हती. एका टायरवर बसून तो धापा टाकत होता, तळहात छातीवर. मला वाटलं, ट्रकचं चाक उचललं असेल एकट्याने. मी परत आले आणि येता येता रडले, कारण बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

त्याच सुमारास सासूबाईंच्या छातीदुखीच्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. जिभेखाली ठेवायच्या त्या बारीक गोळ्या. सासूबाई दिवसभर माझ्यावर करवादायच्या. "तूच दिल्यास कोणाला तरी कॉफीबरोबर."

संशय अगदीच खोटा नव्हता. आमच्या गल्लीत सकाळच्या कॉफीला बायका बिस्किटांच्या जुन्या डब्यात घरातली औषधं घेऊन येतात. एकीचं बीपी वाढलं की दुसरी आपली अर्धी गोळी मोडून देते. मला लागू पडली, तूही घे. पण या गोळ्यांना मी हात लावत नव्हते, कारण विदाने दम भरला होता. विदा आमच्या दवाखान्यातली एकुलती एक डॉक्टर. गोळ्या लिहून देताना ती म्हणाली होती, "काकू, ही गल्लीत वाटायची नाही. आणि पुरुषांची ती निळी गोळी घेणाऱ्याच्या पोटात ही गेली, तर बीपी असं कोसळेल की माणूस उठायचा नाही." सासूबाईंनी लगेच छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात तसलं काही लागत नाही."

विदा ही स्रेतेनची मुलगी. आणि स्रेतेन हा तिहोमिरचा कुम, म्हणजे आमच्या लग्नात त्याच्यामागे साक्षीला उभा राहिलेला. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा वरचं, आणि कुमच्या बायकोला कुमा म्हणतात. विदाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरून उभा होता तो तिहोमिर. ही सगळी पीडा तिथूनच सुरू झाली.

एक दिवस स्रेतेन मधाची मोठी बरणी घेऊन स्वयंपाकघरात आला. मधात अक्रोड आणि कसल्याशा हिरव्या बिया कुटून घातलेल्या.

"कुमा," मला म्हणाला, नजर मात्र चुलीकडे, "हे त्याला सकाळी उपाशीपोटी दे. मोठा चमचा."

"कशासाठी?"

"ताकदीसाठी."

"कसली ताकद? चाकं तर उचलतोय रोज."

तो लाल झाला. "अगं, ती ताकद नाही. खानावळीत आमचं बोलणं झालं. एकाचं म्हणणं, सिमेंटवर बसल्यामुळे. दुसरा म्हणतो, दृष्ट लागली. पोरं चिडवतात, दिवसभर लोकांच्या टायरमध्ये हवा भरतो आणि..." तो थांबला. "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. एवढे महिने मी स्वतःलाच म्हातारी, जाडी, नकोशी समजत होते. तेवढ्या वेळात खानावळीत माझ्या पलंगावर चर्चासत्रं झडली होती. मला इतका राग आला आणि इतकं हलकंही वाटलं, की मी ती बरणी घेतली आणि स्रेतेनला कॉफीही न विचारता वाटेला लावलं.

दुपारी तिहोमिर जेवायला आला. म्हटलं, "विदाकडे जा."

त्याने चमचा खाली ठेवला. "तिला मी या हातांवर धरलंय. तिच्यासमोर पँट उतरवू?"

"पँट उतरवायला कोण सांगतंय? तोंड उघड. मग शहरातल्या डॉक्टरकडे जा."

"तिकडे विदाची चिठ्ठी लागते."

"तुझ्या मित्रांना सांगितलंस, वेटरला सांगितलंस. ज्या एका माणसाला यातलं कळतं, तिलाच नाही सांगायचं?"

"तिच्या कानावर एक शब्द गेला ना रुझा, तर मी या घरात राहणार नाही."

हे तो रागाने बोलला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो हळू बोलला. तो खरंच जाईल, हे मला कळलं. मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याची चीड अजून जात नाही.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला, आमच्या घराण्याची स्लावा, म्हणजे घराला राखणाऱ्या संताचा सण. त्या दिवशी कोणाला बोलावणं करत नाहीत, लोक येतातच. मेणबत्ती पेटली, पाद्री पाव कापून गेला, माशाचं सूप टेबलावर आलं. स्लावेला यजमानाने बसायचं नसतं. दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढायचं, ग्लास भरायचे. तिहोमिर सकाळपासून उभा होता. ओठ पांढरे पडलेले.

"बस घटकाभर," मी म्हटलं.

"आज बसू? लोक काय म्हणतील."

इतक्यात स्रेतेन ताटं ठेवायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, दोन-तीन ग्लास पोटात होते. "कुमा, आज पाहुण्यांना लवकर वाटेला लाव. त्याला एक निळी दिलीये. एका ओळखीच्याकडून आणली. सांगितलंय, गर्दी पांगली की घे."

मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात मिरच्यांचं लोणचं संपल्याची हाक आली, म्हणून कोठीत गेले. तिथे तिहोमिर फळीला धरून उभा होता. दुसऱ्या हातात सासूबाईंची तपकिरी बाटली. एक गोळी त्याने जिभेखाली ठेवली. ठेवण्याची सवय दिसत होती, बघावंही लागलं नाही त्याला.

"काय घेतोस?"

"पुदिन्याची गोळी."

"आईंची बाटली आहे ती."

"बाजूला हो. पाहुणे बसलेत."

टायरवरच्या त्या धापा, छातीवरचा तळहात, कमी होणाऱ्या गोळ्या, सगळं त्या फळीपाशी माझ्या डोक्यात एकत्र आलं. मी म्हटलं, "स्रेतेनने दिलेली ती दे इकडे." तो मला ओलांडून गेला. मी लोणचं न घेताच मागे धावले. तो खोलीच्या कोपऱ्यात, मेणबत्तीपाशी, पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता आणि मुठीत चांदीचा कागद फाडत होता. दमला होता आणि हे सगळं एकदाचं मार्गी लावायचं होतं त्याला, गर्दी पांगेपर्यंत थांबायचा धीर उरला नव्हता. विदा टेबलाच्या पार पलीकडे, दोन जाड्या मामांच्या मध्ये अडकलेली.

मी तिथूनच बोलले. वीस माणसं जेवत होती.

"विदा, तुझा काका आईंच्या जिभेखालच्या गोळ्या चोरून खातोय. आत्ताच एक घेतली. आणि वर ती निळी घेतोय, कारण त्याला काही होत नाही. पलंगात."

सासूबाई म्हणाल्या, "अरे देवा."

विदा मामांच्या मांड्यांवरून चढून आली. "काका, मूठ उघडा."

"बायको वेडी झालीये," तिहोमिर म्हणाला. मूठ बंद.

"गिळलीत की नाही? आज, काल, कधीही? मला माहीत हवं."

"मी काहीही घेत नाही."

तो खोटं बोलत राहिला असता. पाहुण्यांसमोर, मेणबत्तीसमोर, मरेपर्यंत. तेवढ्यात स्रेतेन उठला. त्याच्या बायकोचा, यागोदाचा हात त्याच्या बाहीवर होता, तो त्याने बाजूला केला.

"एकच दिली होती. आज, जेवणाआधी," तो मुलीला म्हणाला. "माझ्यातली."

"कोणाकडून आणलीत, बाबा?"

"माझीच आहे. मी घेतो. बरीच वर्षं झाली."

यागोदाने नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत माझेच मागचे महिने दिसले; तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. मग तिने मान खाली घातली आणि टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करायला लागली. स्रेतेनने मित्रासमोर हात पुढे केला. तिहोमिरने मूठ उघडली. गोळी होती, ओलसर, सबंध.

विदाने यजमानाला स्लावेच्या दिवशी खुर्चीत बसवलं आणि नाडी धरली.

"छातीत कधीपासून दुखतंय?"

"ख्रिसमसनंतर. गेल्या."

"आणि दुसरं कधीपासून बंद?"

मी म्हटलं, "आम्हाला सगळ्यांना कळलंय, सांग आता."

"त्याच्याही आधीपासून कमी कमी."

"तुमच्या दुकानात घाण साचली तर कुठली नळी आधी तुंबते?"

"बारीक," तो म्हणाला.

"हृदयाच्या नळ्यांपेक्षा तिथली नळी बारीक. शरीराने आधी तिथून ओरडून सांगितलं, काका. तुम्ही खिडक्या बंद करत बसलात."

स्रेतेन प्यायलेला होता, म्हणून गाडी विदाने चालवली. शहरातल्या डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या उघडल्या. त्यातली एक जवळजवळ गच्च होती. मी पलंगाशेजारी बसले होते, तर हा तोंड फिरवून पडलेला. मी त्याला जिवंत ठेवला आणि रुसला माझ्यावरच.

दुसऱ्या दिवशी छताकडे बघत म्हणाला, "वीस माणसांसमोर."

"वीसच होती. खानावळीत जास्त होती."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "तुला खरंच वाटलं, दुसरी कोणी आहे?"

"हो."

"मला?" तो हसायला लागला, मग छाती धरली, आणि नर्स मलाच ओरडली.

आता सिगारेट बंद, मीठ बंद. रोज नदीपर्यंत चालून यायचं, कुरकुरत का होईना जातो. बाकीचं कधी सुधारेल ते विदा बघणार आहे, सुधारेल की नाही हेही तीच सांगेल. तिच्याकडे आता तो एकटा जातो. खानावळीतले बाकीचे मात्र माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात, टोपी हातात घेऊन. "रुझा, तू विदाला विचारशील का, एका माणसाला..." मी त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवते. यागोदाने त्या दिवसापासून माझ्याकडे कॉफीला येणं सोडलंय, आणि तिला काय म्हणून बोलवावं हे मला सुचत नाही.

लोकरीचा पट्टा मी चुलीत घातला. खिडकी उघडी असते. तिहोमिर आता माझ्याकडे तोंड करून झोपतो आणि माझ्या तोंडावर घोरतो. मी त्याला हलवत नाही.